छातीवरचा घट्टा

मनीषनगर, नागपूर
९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय अश्लेषा,

पाकीट फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. माझं अक्षर ओळखून तू ते तसंच टेबलावर टाकून देशील ही धास्ती होती, म्हणून पत्ता वैभवच्या काजलकडून लिहून घेतला. तिला सांगितलं, तुझ्या आत्याला वाढदिवसाचं पत्र पाठवतो आहे. तुझा वाढदिवस श्रावणात येतो. पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुण्याचा पिनकोड लिहून दिला. तिकीट कमी पडेल का, तू घर बदललं असशील का, पोस्टमन खालच्या मजल्यावर देऊन जाईल आणि ते लोक फोडून वाचतील का, असं सकाळपासून डोक्यात चाललं आहे. वैभव कामावर गेला आहे आणि सूनबाई हर्षा माहेरी, म्हणून आज बसलो.

आधी सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. डिसेंबरात माझ्या छातीची डावी बाजू कापून काढली. बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो, तो मला झाला होता. पुरुषाला होतो हे मला माहीत नव्हतं, वैभवला नव्हतं, दवाखान्यातल्या निम्म्या लोकांनाही नसावं, कारण जो तो आधी हसला. आता मी हिंडतो फिरतो, डावा हात डोक्याच्या वर जात नाही एवढंच. तेव्हा घाबरून गाडीत बसू नकोस. नातेवाइकांना वैभवने सांगितलं आहे की बाबांच्या छातीत पाणी झालं होतं. तुला तर तेवढंही सांगायचं नाही असं त्याने मला बजावलं आहे. आणि मला जे खरं तुला सांगायचं आहे ते हे ऑपरेशन नाहीच. ते अजून पुढे आहे. ते लगेच लिहायला हात धजत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहीत जातो. तू मध्येच ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच. फोन केला असता, पण दोन वर्षांत तू माझा फोन उचललेला नाहीस, आणि उचलला असतास तरी हॉलमध्ये बसून हे शब्द तोंडाने बोलणं माझ्याने झालं नसतं. मी सातवी शिकलेला माणूस. कागदावर निदान शब्दाला आवाज नसतो.

फोन का उचलत नाहीस ते मला ठाऊक आहे, तेही लिहितो, कारण आजवर मी ते कोणाजवळ कबूल केलेलं नाही. त्या उन्हाळ्यात तू तुझ्या संशोधनासाठी नागपूरला आली होतीस. जेवताना मला समजावून सांगत होतीस, की तू दवाखान्यांत जाऊन बघतेस, बाईला तपासताना पडदा लावतात का, नवऱ्याला बाहेर पाठवून तिला एकटीला विचारतात का, तृतीयपंथी माणूस भरती झाला तर त्याला कोणत्या वॉर्डात झोपवतात, फॉर्मवर प्रश्न काय छापलेले असतात. मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "दवाखान्याचे फार्म वाचाले सरकार तुले पगार देते काय वं?" वैभव खो खो हसला. दुसऱ्या दिवशी तू सोनिकाला घरी आणलंस. तुझ्याच कामावर होती, हातात तुझ्यासारखीच फाइल, निळी साधी साडी. तिने नमस्कार म्हटलं, तो आवाज ऐकला आणि ती तृतीयपंथी आहे हे मला कळलं. ती पाया पडायला वाकली तर मी पाय मागे घेतले. हर्षाला डोळ्यांनी खुणावलं, तिने कामवालीसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या गिलासात चहा आणून दिला. तुम्ही दोघी गेल्यावर तो गिलास मी माझ्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकला. तू चार्जर विसरलीस म्हणून परत आलीस आणि तुला तो दिसला. डब्यात हात घालून गिलास काढलास, साबणाने घासलास, ओढणीला पुसलास आणि पिशवीत टाकून निघालीस. मी मागून ओरडलो, "याच्यासाठी शिकवलं काय तुले?" तोवर लिफ्टचं दार लागलं होतं.

त्यानंतर मी घरात सगळ्यांना सांगत फिरलो, की पोरगी घाण कामात पडली. शब्द हाच होता, घाण.

आता छातीचं सांगतो. तांडापेठेच्या घरातला आपला माग तुला आठवत असेल. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पोटापाशी लाकडाचा जाड गोल दांडा, विणलेलं लुगडं त्याच्यावर गुंडाळत जायचं. धागा तुटला की जोडायला पुढे वाकावं लागे, आणि वाकलं की छाती त्या दांड्यावर टेके. मला डाव्या अंगावर रेलून गाठ मारायची सवय. चाळीस वर्षांत डाव्या छातीवर रुपयाएवढा घट्टा पडला, टणक आणि काळपट. उमरेडला माझ्या बाबांना होता, काकांना होता. तुझ्या आईची सोयरीक ठरवताना तिच्या वडिलांनी चारचौघांत मला सदरा वर करायला लावला, घट्टा बोटाने दाबून पाहिला आणि मग सुपारी फोडली. त्यांच्या मते पोरगा खरोखर मागावर बसतो की नुसता बापाच्या जिवावर खातो हे त्याने कळतं. मला त्या घट्ट्याचा अभिमान होता. माग सुटला, शाळेत चौकीदारी केली, तीही सुटली, घट्टा राहिला.

मागच्या पोळ्याच्या सुमारास आंघोळ करताना त्याच्याखाली बोराएवढं काही लागलं. मला वाटलं, घट्टाच आत मुरला असेल. दुसरं काही असू शकतं हे मनातसुद्धा आलं नाही. आम्हा लोकांना छातीवर टणक लागलं तर त्यात भिण्यासारखं काय आहे? खोबरेल तेल चोळलं. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं. दिवाळीपर्यंत बोराची सुपारी झाली आणि छातीचं बोंड आत ओढलं गेलं. मग बनियानवर डाग पडू लागले, चहा सांडल्यासारखे, आणि त्याला वास. मला माझ्याच अंगाची शिसारी आली. डाग दिसू नये म्हणून मी बनियान स्वतः धुऊ लागलो, मोरीचं दार लावून. चार दिवसांनी हर्षाने विचारलंच, "बाबा, तुम्ही बनियान काहून धुऊन राहिले? माझ्या धुण्यात काही कमी आहे काय?" तिला वाटलं, मी तिच्यावर रुसलो. मी उगाच तिच्यावर खेकसलो. ती रडली आणि संध्याकाळी वैभवला तिने दोरीवरचं बनियान दाखवलं.

वैभव मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. नाव लिहीत नाही, तू तिथे जाऊन भांडशील. ओपीडीच्या दारावर गुलाबी फीत रंगवलेली आणि खाली मोठ्या अक्षरात, स्त्री स्तन तपासणी. वैभवने ती पाटी वाचली आणि गाडी नीट लावून येतो म्हणून गेला, तो तासभर चहाच्या टपरीवर उभा राहिला. मी एकटा. गार्डने काठी आडवी धरली. "काका, जेन्ट्स लोकाइनं बाहेर थांबाचं. बाईले पाठवा आत." मी म्हटलं, बाई नाही कोणी. "मंग तुमी काहून आले?" त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, पेशंट मीच आहो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि अख्ख्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे बापरे, हे नवीनच आहे." आत चाळीसेक बाया बसल्या असतील. काहींनी मला पाहून पदर सावरला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. कुठे बघावं, हात कुठे ठेवावे काही कळेना.

खिडकीवरच्या पोराने नाव विचारलं, वय विचारलं आणि थांबला. मग हाक मारली, "अबे मोहित, इकडं ये, गंमत पाह्य." दोघं मिळून कॉम्प्युटरमध्ये बघू लागले. म्हणाला, बाबाजी, पहिली पाळी कोणत्या वर्षी आली ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, मी काय करू? मोहित म्हणाला, "टाक तेरा." मुलं किती? दोन. अंगावर पाजलं का? "पाजलं असन ना बाबाजी, थोडं थोडं?" मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकटी नऊवारीतली म्हातारी हसली नाही, ती त्या पोरांना म्हणाली, "तुमच्या बापाले विचाराल काय रे असं?" ती एकटी बोलली म्हणून मला आणखी लाज वाटली. शेवटच्या पाळीची तारीखही त्यांनी टाकली. अश्लेषा, कागदावर सगळं छापून आलं आहे, शिक्क्यासकट. आणि मग त्या पोराने, हसू पुसत पुसत, शेवटचा प्रश्न विचारला. आई, बहीण, मावशी, आत्या, घरात कोणाला हा रोग होता का? त्या सगळ्या प्रश्नांत हा एकच माझ्यासाठी होता. त्याचंच उत्तर मी खोटं दिलं. म्हणालो, कोणाले नाही. मला तिथून पळायचं होतं.

पुढचं थोडक्यात लिहितो, मला ते आठवलं की अन्न जात नाही. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं, येणारे जाणारे बघत होते, सहा शिकाऊ पोरंपोरी भोवती उभी. अंगात घालायला गुलाबी फुलांचा झगा दिला, समोरून फाटका. छाती दोन पाट्यांमध्ये दाबून फोटो काढायचं एक यंत्र असतं. माझ्याकडे दाबायला होतं काय? त्या बाईने कातडी चिमटीत धरून ओढली, पुन्हा ओढली आणि वैतागून म्हणाली, "मशीन जेन्ट्ससाठी नाही ना पण." जसा काही मी हट्टाने आलो होतो. सुई घातली, आठ दिवसांनी कागद आला, कागदावर माझ्या नावाआधी सौ. लिहिलेलं.

भरतीच्या दिवशी बायकांच्या वॉर्डातली सिस्टर म्हणाली, हे आमच्याकडे नको. पुरुषांच्या वॉर्डातली म्हणाली, हा आजार आमच्याकडचा नाही. दोन वॉर्डांच्या मधे, फिनाइल मारलेल्या बोळात, मला चार तास बाकावर बसवून ठेवलं, फाइल मांडीवर. तू जेवताना सांगितलेला तो वॉर्डाचा प्रश्न मला तिथे आठवला. आठवला याचाही राग आला. शेवटी पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्याची खाट मिळाली. शेजारी कृष्णकांत नावाचा सावनेरचा माणूस, हर्नियाचा, बोलका. त्याने पहिल्याच दिवशी माझी फाइल उलटीपालटी करून वाचली. मग रोज सकाळी सुरू. "काय मधुकरराव, आज दूध किती निघालं?" सगळा वॉर्ड हसायचा. चहावाला आला की म्हणायचा, यांना बिनदुधाचा दे, यांचं घरचं आहे. जखमेतून नळी काढून बाटली लावलेली होती, तिच्यात लालसर पाणी साचायचं, ती हातात धरून संडासला जावं लागायचं, तर त्यावरही तो बोललाच. काय बोलला ते मुलीला लिहिण्यासारखं नाही. मला त्याची किळस येत होती, त्याच्या दातांची, त्याच्या खोकल्याची. पण खरी किळस दुसरीच आहे. पाचव्या दिवशी त्याने तसंच काही म्हटलं आणि मी हसलो. सगळ्यांबरोबर, मोठ्याने. हसलो म्हणजे मी त्यांच्यातला, असं मला वाटलं असेल. हसताना टाका ओढला गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, हसून हसून आलं.

टाके काढायला गेलो तेव्हा वरच्या डॉक्टर बाई भेटल्या. केस पांढरे, आवाज बारीक. त्यांनी शिकाऊ पोरांना बाहेर पाठवलं आणि वैभवलाही बाहेर थांबायला सांगितलं. वैभव म्हणाला, मी मुलगा आहे त्यांचा. त्या म्हणाल्या, म्हणूनच. मग स्वतः उठून दार लावलं. दवाखान्यात माझ्यासाठी लागलेलं ते पहिलं दार. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "घरात कोणाला हा आजार नव्हता असं या कागदावर लिहिलं आहे. पण याच कागदावर तुमची पाळीही लिहिली आहे. म्हणून मी पुन्हा विचारते, बाबा. घाई नाही." मग त्यांना सांगितलं ते तुलाही सांगतो, कारण तुला मी सत्तावीस वर्षं खोटं सांगितलं आहे.

शामला, माझी धाकटी बहीण, तुझी आत्या, काविळीने गेली नाही. तिच्या छातीत गाठ होती. एकोणचाळिसाव्या वर्षी. तिने कोणाला दाखवली नाही, दाखवणार कोणाला? घरात सगळे पुरुष आणि एक सासू. फुटली तेव्हा सासरच्यांनी उमरेडला आणून सोडलं. मागच्या खोलीत तिला ठेवलं होतं. वास इतका, की आंगणात कडुनिंबाचा पाला जाळावा लागे. मी नागपूरहून एसटीने भेटायला गेलो, उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तोंडाला रुमाल लावून तिथेच उभा राहिलो. आतून ती म्हणाली, "दादा, आत ये ना गा." मी म्हटलं, येतो, हात धुऊन येतो. हात धुतले आणि बसस्टँडवर गेलो. नवव्या दिवशी ती गेल्याचा निरोप आला. तिची ती हाक मी तुझ्या आईलाही सांगितली नाही. मयतीला जमलेल्या लोकांत कावीळ हा शब्द पहिल्यांदा मीच काढला. तू तेव्हा सहा सात वर्षांची होतीस आणि मी असा विचार केला होता, की उद्या माझ्या मुलीचं लग्न करायचं आहे, बापाच्या घराण्यात असला घाणेरडा रोग आहे हे सोयऱ्यांना कळायला नको. तू पुढे लग्न केलंच नाहीस, ते वेगळं. पण ते खोटं तुझ्या नावाने बोललो होतो.

डॉक्टर बाईंनी ऐकून घेतलं. अरेरे म्हणाल्या नाहीत. शामलाचं वय दोनदा विचारून लिहून घेतलं आणि माझं रक्त आणखी एका तपासणीला पाठवायचं ठरवलं. त्याचा कागद मागच्या आठवड्यात आला. वैभवने तो पार्किंगमध्येच वाचला, चार घड्या केल्या आणि मागच्या खिशात कोंबला. घरी आलो. लिफ्टमध्ये म्हणाला, "अश्लेषाले सांगाचं नाही. कोणालेच नाही. दोन वर्षांत काजलचं पाहाचं आहे. कोण येईन मंग आपल्या दारात?" हे वाक्य मी उमरेडच्या आंगणात मनातल्या मनात म्हटलं होतं, त्याला कोणी शिकवलं नाही तरी तेच त्याच्या तोंडून आलं. तू त्याच्यावर चिडू नकोस. दीड महिना माझी जखम त्यानेच साफ केली, पू निघाला त्या दिवशीही, नाक न दाबता. फक्त ड्रेसिंग करताना खोलीचं दार लावून घ्यायचा, काजलला दिसू नये म्हणून, आणि माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. तो वाईट नाही. मी पण वाईट नव्हतो असं मला वाटत होतं.

तुझ्या संशोधनाला माझा काही उपयोग होत असेल तर सगळे कागद वापर. नाव पूर्ण लिही, मधुकर, वय त्र्याहत्तर, मागावर विणणारा, पहिली पाळी तेराव्या वर्षी. लोक हसतील तिथे हसू दे. डॉक्टर बाईंना मी तुझ्याबद्दल सांगितलं, की माझी मुलगी पुण्यात ह्याच गोष्टींवर काम करते. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही तिला काही विचारत का नाही?" सोनिकाला मी काय लिहावं हे मला सुचत नाही. चार वेळा लिहून खोडलं. माफी हा शब्द लिहिला की मलाच तो फुकटचा वाटतो. ती कुठे राहते, पुन्हा कधी भेटेल का, माझं तोंड तिला बघावंसं वाटेल का, हे तूच सांग. नाही म्हणालीस तरी चालेल.

आता ते लिहितो. जेवणाचं ताट झाकून ठेवलं आहे, भूक नाही. रक्ताच्या त्या कागदात असं आहे की हा दोष माझ्या रक्तातच आहे, शामलाच्याही असणार, आणि तो आईकडून उतरतो तसा बापाकडूनही मुलांत उतरतो. माझ्याकडून तुला आला असण्याची शक्यता निम्मी आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या, मुलीला आजच कळवा, तिला छातीच्या आणि पोटातल्या बीजकोशाच्याही कॅन्सरचा धोका असू शकतो, पण आधी कळलं तर वेळेत पुष्कळ करता येतं. तू चौतीस वर्षांची आहेस. शामला एकोणचाळीसची होती. वैभव आंघोळीला गेला तेव्हा त्याच्या पँटच्या खिशातून मी तो कागद काढला, कोपऱ्यावरच्या दुकानात नेला, दुकानदाराने वाचू नये म्हणून मीच काचेवर पालथा ठेवला, आणि मूळ कागद परत खिशात. झेरॉक्स सोबत आहे, घडीवरची अक्षरं पुसट आली आहेत पण शेवटची ओळ नीट लागते. वैभवची तपासणी आणि काजलला सांगणं, ते मी बघतो, ते भांडण माझं आहे. तू या आठवड्यात जा. आजच जा म्हटलं असतं, पण पत्र पोचायलाच तीन दिवस लागतील, त्याचाच मला घोर लागला आहे. तिथे एखादा पोरगा फॉर्म भरताना विचारेल, आईला होता का, मावशीला होता का. तुझ्या आईकडे कोणाला काही नव्हतं, म्हणून तू सवयीने नाही म्हणशील आणि तो पुढे जाईल. तसं होऊ देऊ नकोस. बापाला झाला, आत्याला झाला, हे त्याच्याकडून लिहून घे, आणि त्याने लिहिलं की नाही ते खिडकीतून वाकून बघ.

उत्तर नाही दिलंस तरी तपासणी करून ये, एवढंच मागणारा,

तुझाच,
बाबा